खाट रिकामी राहणार नाही या अटीवर

मी, खाली सही करणारा, धंद्याने सुतार, धर्माने ख्रिस्ती, विधुर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. आमच्या चर्चच्या सेक्रेटरींनी प्रयत्न केला, पण त्याला दबाव म्हणणे म्हणजे त्यांच्या अंगात नसलेला जोर त्यांना बहाल करणे होईल.

कलम १. माझी सर्व हत्यारे मुलीला द्यावीत. ती परगावी नोकरी करते, तरी आईच्या आजारात रजा मिळेल तेव्हा येऊन राहिली. मोठा रंधा जड आहे, तो जावयांनी उचलावा. त्यांना दुसरे काही दिलेले नाही.

कलम २. बँकेतील शिल्लक मुलगा व मुलगी यांनी समान वाटून घ्यावी. मुलगा त्याच्या शहरातल्या चर्चमध्ये मानाच्या जागेवर आहे. आई अंथरुणाला खिळल्यावर तो दर रविवारी फोनवरून तिला शास्त्रवचने वाचून दाखवी. मी एका हाताने फोन तिच्या कानाला धरी व दुसऱ्या हाताने तिला सावरी. त्याला तिची चाकाची खुर्ची देतो. ती त्याने स्वतः येऊन न्यावी, पाठवली जाणार नाही.

कलम ३. या कलमात देण्यासारखे काही नाही, पण पुढचे कलम कळण्यासाठी ते लागेल.

माझ्या पत्नीने चर्चमधल्या दोन पिढ्यांच्या मुलांना रविवारी शिकवले. तिला अर्धांगवायू झाला तेव्हा महिला मंडळ भेटीला आले. त्यांनी गाणी म्हटली, ती सुरात होती. तिची चादर ओली झाली होती. कूस वळवायला जरा हात लावता का, असे मी विचारले. एकीला पुढे लग्नाला जायचे होते, दुसरीला वास सहन होत नव्हता, आणि बाकीच्यांनी प्रार्थनेसाठी डोळे मिटले ते दाराशी जाईपर्यंत उघडले नाहीत. त्या गेल्यावर पत्नी वाकड्या तोंडाने म्हणाली, “निदान खिडकी तरी उघडून जायचं.”

पुढच्याच आठवड्यात तिला न्हाणीघरात नेताना माझा तोल गेला आणि आम्ही दोघेही खाली पडलो. आवाज ऐकून शेजारच्या बाई मागच्या दाराने आत आल्या. या निवृत्त मुख्याध्यापिका. देव मानत नाहीत. माझ्या भुशाविरुद्ध त्यांनी नगरपालिकेत तक्रार केली होती, त्यामुळे आमचे बोलणे बंद होते. त्यांनी बाह्या वर सारल्या, तिला उचलले, धुतले, कोरडे केले. मग मला म्हणाल्या, “देवाचं नाव काढलंत तर उद्या येणार नाही.”

मी ते मनातल्या मनात घेतले. बाई दुसऱ्या दिवशी आल्या आणि पत्नी जाईपर्यंत रोज येत राहिल्या. तक्रार त्यांनी मागे घेतली नाही.

अंत्यविधीला चर्च भरून गेले. पाळकसाहेबांनी येशूने शिष्यांचे पाय धुतले त्या प्रसंगावर उपदेश केला. फार चांगला झाला, सगळे रडले, मीही रडलो. दफनभूमीच्या फाटकाशी सेक्रेटरींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला व घर पुढेमागे प्रभूच्या कामाला येईल का, असे विचारले. मी मान डोलावली. रविवारी त्यांनी ते जाहीरही केले. घराच्या जागी वाहने लावायची सोय होणार आहे, असे कळले.

कलम ४. राहते घर, स्वकष्टार्जित, मी चर्चला देतो. अट अशी: समोरच्या खोलीतली पत्नीची खाट तिथेच राहील. तिच्यावर ज्याचे करणारे कोणी नाही असा आजारी माणूस ठेवावा, मग तो कोणत्याही धर्माचा असो. त्याला उठवणे, धुणे, भरवणे, कपडे बदलणे हे सर्व सभासदांनी स्वतःच्या हातांनी करावे. पगारी माणूस लावून चालणार नाही. गाण्यास हरकत नाही, पण काम झाल्यावर. करणारे कोणी उरले नाही तर घर विकून पैसे सरकारी इस्पितळातल्या बेवारस रुग्णांसाठी द्यावेत. अट पाळली जाते की नाही, हे शेजारच्या बाई ठरवतील. त्यांना मी या मृत्युपत्राच्या व्यवस्थापक म्हणून नेमतो.

हा मसुदा मी त्यांना वाचायला दिला. त्यांनी लाल पेनाने ऱ्हस्वदीर्घ सुधारले आणि म्हणाल्या, “वर्षभरात मला हे घर विकावं लागेल. तुमच्या लोकांना मी ओळखते.”

“मीही ओळखतो,” मी म्हणालो. “तरी आधी त्यांचंच नाव लिहिलंय.”

बाई समोरच्या खोलीत गेल्या आणि खाटेशी वाकून बघितले.

“मग हिचे पाय उंच करून घ्या,” त्या म्हणाल्या. “एवढं खाली वाकावं लागलं तर नवी माणसं टिकायची नाहीत.”

खाटेला नवे पाय मी बसवले आहेत. सागाचे आहेत, हलत नाहीत.

वरील मजकूर वाचून, समजून, साक्षीदारांसमोर सही केली. त्यांनीही माझ्यासमोर केली.

लिहून ठेवणार: सुतार (सही)
साक्षीदार: दाखला देणारे डॉक्टर (सही)
साक्षीदार: कोपऱ्यावरचे चष्मेवाले (सही)

ठिकाण: राहते घर, समोरची खोली.
तारीख वकिलांच्या शिक्क्यात आहे. वार रविवार, वेळ उपासनेची.