चाकाचा आउट आणि गोपाळराव

२३ नोव्हेंबर, रविवार
इतवारी बाजारात घात झाला. भांड्यांच्या दुकानासमोर सायकल उभी केली होती, एका टेम्पोवाल्यानं रिव्हर्स घेतला. मागचं चाक जिलबी. चेन तुटली. टेम्पोवाला म्हणे, सायकलच मध्ये आली. उभी सायकल!
ठरवलं. दुकानात द्यायची नाही, घरीच दुरुस्त करायची. दोन दिवसांत काम फत्ते.
गोपाळरावांना फोन केला. रोज सकाळी आम्ही दोघं सायकलनं अंबाझरी तलावावर जातो. (प्रत्यक्षात मोजक्याच वेळा गेलो, पण संकल्प रोजचा आहे.) ते म्हणाले, मार्तंडराव, तुम्ही आरामात बनवा जी, तुमच्याशिवाय मी पेडल मारत नाही.
असा मित्र असावा. डोळे भरून आले.

२५ नोव्हेंबर
यूट्यूबवर एक माणूस चाकाचा आउट काढतो. हा स्पोक घट्ट, तो सैल, चाक सरळ. मीही तेच केलं. आधी चाक उजवीकडे डुलत होतं, आता दोन्हीकडे डुलतं. म्हणजे बॅलन्स येतोय.
बायको, दिपाली, म्हणाली, कोपऱ्यावरच्या सायकलवाल्या नत्थूले देऊन द्या न, काहून जिवाले त्रास? तिला समजावलं की चूक त्या यूट्यूबवाल्याची आहे. त्याचं चाक मुळात फार वाकडं नव्हतंच. शुद्ध फसवणूक.

२६ नोव्हेंबर
हबमधले छर्रे हॉलभर सांडले. दिपाली घसरता घसरता वाचली, तरी गुणगुणत पुढे गेली. हल्ली सकाळी फार खुशीत असते. पार्कात फिरायला जाते. माझ्या शिस्तीचा घरावर परिणाम होतोय.

२९ नोव्हेंबर
सगळं जोडलं. थोडे नट उरले. कंपनीवाले उगाच जास्तीचे टाकतात.
ट्रायल घेतली. गेटपर्यंत उत्तम. तिथे चेन उतरली, पॅन्ट अडकली, फाटली. शिंप्यानं कापड हलकं वापरलं होतं. कुणावर विश्वास ठेवायचा?
गोपाळरावांना विचारलं, कंटाळले तर नाहीत? म्हणाले, छे गा, मी घरी सूर्यनमस्कार घालून राहिलो. बिचारे! माझ्यापायी घरात कोंडून बसलेत.

३ डिसेंबर
पुन्हा घात झाला.
कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गोपाळरावांनी फोटो टाकला. अंबाझरीचा काठ, कोवळं ऊन, हातात तर्री-पोहे. गोपाळराव, त्यांची मिसेस आणि हेल्मेट घातलेली एक बाई. झूम केलं. दिपाली! शेजारी आमच्या भैरवीची जुनी सायकल. (पोरगी पुण्याला गेल्यापासून ती जिन्याखाली पडून होती.) फोटोखाली लिहिलंय, आपला रोजचा ग्रुप.
रोजचा!
दिपालीला जाब विचारला. ती शांतपणे म्हणाली, तुम्ही कामात होते, म्हणून नाही सांगितलं. सायकल नत्थूकडून नीट करून घेतली. मी म्हणालो, तू तर पार्कात जात होतीस! म्हणाली, पार्काच्या बाजूनंच तर रस्ता आहे.
गोपाळरावांना फोन केला. म्हणाले, सूर्यनमस्कार घालूनच निघतो न गा, खोटं काय बोललो?
आज जेवलो नाही.
(नंतर जेवलो. भरली वांगी होती.)
खरं वाईट कशाचं वाटलं, ते लिहून ठेवतो. फोटोत ती खळखळून हसतेय. तशी हसताना मी तिला कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. आज पाहिलं, तेही झूम करून.

७ डिसेंबर, रविवार
मोठ्या मनानं सगळ्यांना माफ केलं. मलाही ग्रुपमध्ये घेतलं. सायकल अजून प्रोसेसमध्ये असल्यामुळे मी मागून स्कूटरवर. पाने, पॅच, पंप सगळं माझ्या डिकीत. पद टेक्निकल हेड. मीच सुचवलं, कुणी हरकत घेतली नाही.
आणि संधी आली! अर्ध्या रस्त्यात गोपाळराव पंक्चर. पाना काढून धावलो. तिघंही एकदम ओरडले, हात लावू नका!
दिपालीनं खाली बसून चाक काढलं. नत्थूकडे उभी राहून शिकली म्हणे. ट्यूब ओढली, घासली, पॅच बसवला. मी पंप धरून उभा होतो. हवा तरी मीच भरणार होतो.
तिनं हात पुढे केला. मला वाटलं, उठायला आधार मागतेय. मी हात दिला.
तिला पंप हवा होता.