अर्ध्या इंचाची शपथ

१४ डिसेंबर, रविवार
आज चुकलंच. सोसायटीच्या मीटिंगला त्र्यंबकशेठ ताटात भंडारा घेऊन आले. महापालिकेला उभे आहेत. टिटवाळ्याची आमची इमारत पाच वर्षं टँकरखाली हंडे लावून जगतेय. शेठ अर्ध्या इंचाची नळजोडणी देणार. पाईप आजच उतरले, गेटपाशी पडलेत. बदल्यात एकेकाने भंडारा उचलून खंडोबाची शपथ घ्यायची — समोरच्या पक्षाचं बटण दाबणार नाही. पहिला शेठनीच उचलला. "त्या पक्षाची पायरी चढलो तर मल्हारी बघून घेईल मला."
मीही उचलला. आमचं कुलदैवत!
दुसऱ्या मजल्यावरचा राजरत्न खुर्चीतून उठला नाही. म्हणाला, "शेठ, मत गुप्त असतं. पाणी द्यायचं तर न उचलणाऱ्यालाही द्या."

२१ डिसेंबर
पाईप जागेवर आहेत. संचिता, आमची ही, बाजारातून येताना त्यांना हात लावून वर येते. देवळाच्या उंबऱ्यालाही इतक्या नेमाने लावत नाही.

२८ डिसेंबर
शेठ त्याच समोरच्या पक्षात गेले! तिकीट तिथे मिळालं. फोटोत गळ्यात नवं उपरणं, कपाळावर भंडारा जुनाच.
म्हणजे शेठना मत दिलं तर शपथ मोडते. नाही दिलं तर नळ जातो.
राजरत्न जिन्यात भेटला. हसला नाही, तेच जास्त लागलं. "दादा, शेठबरोबर त्यांची शपथही गेली का हो तिकडे?"

३० डिसेंबर
शेठनी गुरुजी पाठवले — शपथ उतरवायला! माणशी एक नारळ, अर्ध्या मिनिटाचा मंत्र. पक्ष बदलला की देवालाही कळवावं लागतं बहुतेक. बाकीच्यांनी रांगेने उतरवून घेतली. मी नारळ न फोडता घरी आणला. संचिताने त्याची चटणी केली. चौथ्या मजल्यावर हंडे तीच चढवते. मी ड्युटीवर असतो. वाढताना म्हणाली, "तुमचा देव समजून घेईल. माझे गुडघे नाही घेणार."

१ जानेवारी
पूजेनंतर उठवेना. देवाला सांगून टाकलं — तेच बटण दाबणार. शिक्षा करायची तर मला कर, तिच्या गुडघ्यांना नको. पन्नाशीला आलो, तुला दिलेला शब्द पहिल्यांदाच मोडतोय.

३ जानेवारी
शेठच्या विरोधातल्या सगळ्यांनी अर्ज मागे घेतले. शेठ बिनविरोध. आमच्याकडे मतदानच नाही.
माझी शपथ शाबूत राहिली.
दुपारी टेम्पो आला आणि पाईप घेऊन गेला.