पिवळीचा लिलाव

बाबा, पिवळी गेली. आधी तेच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना तुमचा जीव टांगणीला लागायला नको. तांबडी गेली, म्हातारी गेली, ती जर्मन बया गेली आणि शेवटी पिवळीसुद्धा गेली. लोणी काळभोरच्या शेडमध्ये आता नुसती फरशी आहे आणि फरशीवर तेलाचे डाग. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज मला नीटसा आठवत नाही, पण या बातमीवर तुम्ही काय म्हणाला असता ते मात्र अगदी स्पष्ट ऐकू येतंय. "वा! शिकवलं त्याचं चीज केलंत." म्हणा खुशाल. आज मी उलट बोलणार नाही. अंगात त्राणच नाही.

लोकांचे बाप सोनं घेऊन ठेवतात, प्लॉट घेऊन ठेवतात. तुम्ही भोसरीच्या वर्कशॉपमध्ये निम्मं आयुष्य स्कूटरचे गिअर कापलेत. मग देशाचे दरवाजे उघडले, परदेशी कंपन्या पुण्याच्या आसपास कारखाने टाकायला लागल्या, तेव्हा त्यांचेही गिअर कापून दिलेत, आणि हातात पैसा खेळायला लागला तशा एकेक गाड्या आणायला लागलात. सगळ्यात पहिली पिवळी. दोन माणसांची, बिनछपराची, इंग्लंडात जन्मलेली आणि कुठल्याशा जहागीरदाराच्या गोठ्यात, आत कोंबड्या अंडी घालत होत्या अशा अवस्थेत तुम्हाला सापडलेली. तुम्ही ती दुरुस्त करून, रंगवून नारायण पेठेतल्या आपल्या दोन खोल्यांसमोर आणून उभी केलीत तेव्हा समोरचे काका गॅलरीतून म्हणाले होते, "छान आहे हो. मागची सीट नंतर येणार का?" सगळी आळी हसली, तुम्ही हसला नाहीत. मी शाळेतून आले आणि धावत जाऊन दाराला हात लावला, तर माझ्या दप्तराचं बक्कल रंगाला लागलं. तुम्ही एवढंच म्हणालात, "हात आहे की हातोडा?" मी घरात गेले आणि त्या दिवशी जेवले नाही. बक्कल लागल्याचं मला काही नव्हतं. त्या गाडीत तुम्हाला जागा होती, आईला जागा होती, मला आणि दादाला नव्हती, हे मला उंबऱ्यातूनच कळलं होतं, आणि ते मी मनात धरलं.

नंतरच्या गाड्या आल्या तेव्हा मी मोठी झाले होते. हिंजवडीत नोकरी लागली त्या दिवशी तुम्ही सराफाची मखमली डबी माझ्या हातावर ठेवलीत. आईचा चेहरा फुलला. मी डबी उघडली तर आत टायरची हवा मोजायचं मीटर! पितळी, परदेशातून मागवलेलं. "कॉम्प्युटरवर बसशील दिवसभर. एक तरी खरं यंत्र जवळ असू दे," असं तुमचं त्यावरचं प्रवचन. आई स्वयंपाकघरात जाऊन हसून हसून बेजार झाली. मग दादा अमेरिकेला गेला, तुम्ही आजारी पडलात, आणि दवाखान्यात एका दुपारी, मी मोसंबी सोलत होते तेव्हा, तुम्ही माझं मनगट धरून म्हणालात, "गाड्या बंद पडू देऊ नकोस." दुसरं काही नाही. स्वतःला जप नाही, आईला बघ नाही. गाड्या. मी "बरं" म्हटलं. असल्या वेळी माणूस दुसरं काय म्हणणार?

त्या एका "बरं"ने माझे सगळे रविवार खाल्ले, बाबा. सोमवार ते शुक्रवार हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये, शनिवारी अमेरिकेतल्या साहेबांचे फोन, आणि रविवारी सकाळी शहराचं दुसरं टोक गाठून लोणी काळभोर. एकेक गाडी सुरू करायची, इंजिन गरम होऊ द्यायचं, टायरची हवा बघायची, उंदरांनी वायर कुरतडली नाही ना ते बघायचं, आणि पाळीपाळीने एकेकीला फिरवून आणायचं. शेडवरचा राखणदार फाटक उघडतानाच सांगायचा, "ताई, तांबडी आज लई रुसलीया. पिवळी मातुर गुणाची हाय." बघायला येणाऱ्या मुलांना मी शनिवार संध्याकाळ द्यायची, आणि रविवारी काय करता म्हणून विचारलं की खरं सांगायची. मग ते परत यायचे नाहीत. हळूहळू तेही थांबलं. एका गोष्टीचा मात्र मला अभिमान होता. पिवळीचं पोट तुमच्या हाताखाली स्पीडब्रेकरवर घासलं होतं, माझ्या हाताखाली एकदाही घासलं नाही. दादाला मी हे फोनवर दर वेळी ऐकवायची.

विकायचं बोलणं काही आजचं नाही. मी विषय काढला की आई म्हणायची, "बाकीच्या काढ. पिवळी मी मेल्यावर." आणि एकदा का ती हे म्हणाली की पुढे बोलायची सोय नसायची. एक पिवळी राहिली तरी रविवार काही सुटत नव्हता, म्हणून बाकीच्याही तशाच राहिल्या. गाड्या तिच्याच नावावर, त्यामुळे तिच्या शब्दापुढे दादाचंही काही चालत नव्हतं. गेल्या दसऱ्याला ती पूजेला म्हणून शेडवर आली. मी तांबडीची बॅटरी काढायला वाकले आणि पाठीत अशी कळ गेली की तिथेच खाली बसले. उठताच येईना. झेंडूची माळ हातात, तेलाने माखलेले हात, आणि मी, पन्नाशीकडे झुकलेली बाई, भोकाड पसरून रडायला लागले. दुखलं म्हणून नाही. पुढच्या रविवारी परत यायचंय या विचाराने. आईने मला उठवलं नाही. तिने सगळ्या गाड्यांना हळदीकुंकू वाहिलं, पिवळीच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. घरी परतताना हडपसरच्या अलीकडे म्हणाली, "पिवळीपण काढ." मला वाटलं होतं की हे ऐकून मला हायसं वाटेल. ते वाटलं नाही. माझ्या पाठीपायी मी हिच्याकडून हिची एकुलती एक चीज काढून घेतेय, असंच मला पार लिलावाच्या दिवसापर्यंत वाटत राहिलं.

लिलाव करणारी कंपनी मुंबईची. त्यांचा एक तज्ज्ञ आधी गाड्या बघायला आला. पांढरे हातमोजे घातलेला, तुम्हाला आवडला असता. तो पिवळीखाली टॉर्च घेऊन सरपटत गेला आणि आतूनच ओरडला, "मॅडम, हिच्या पोटावर मोठा ओरखडा आहे, जुना. रंग देऊन झाकू या का?" मी म्हटलं, राहू द्या. तो ओरखडा कशाचा हे मला पक्कं माहीत होतं. पुण्यात स्पीडब्रेकर काही फक्त महापालिका घालते असं नाही, ज्याच्या दारावरून पोरं गाड्या दामटतात तो प्रत्येक जण घालतो. आणि पिवळी जमिनीपासून वीतभरही वर नाही.

तुम्ही आईला घेऊन कँपात आइस्क्रीम खायला निघायचात. एकदा मी मैत्रिणीच्या लुनावर बसून तुमच्या मागे आले होते, तुम्हाला कधी कळलं नाही. स्पीडब्रेकर येतो, पिवळी थांबते. आई दार उघडते, निऱ्या सावरत उतरते, चालत पलीकडे जाऊन उभी राहते. मग तुम्ही एकटे, मुंगीच्या पावलांनी, गाडी वरून आणता. आई परत बसते. पुढच्या चौकाआधी परत तेच. पानाच्या टपरीवरची पोरं टाळ्या वाजवताहेत, रिक्षावाले हॉर्न मारताहेत, आणि माझी आई चांगली काठापदराची साडी नेसून भर रस्त्यात चढ-उतार करतेय. मला लाजेने मेल्यासारखं झालं. लाजेपेक्षाही तुमचा राग आला. गाडीच्या पोटाला ओरखडा नको म्हणून बायकोला पायी चालवतो हा माणूस! घरी आल्यावर तुम्ही ऐटीत म्हणालात, "तुझ्या आईला फिरवून आणलं." आई म्हणाली, "फिरवून कसलं? मी माझी चालतच गेले, हे मागून गाडी घेऊन आले." सगळे हसले. मी नाही.

तज्ज्ञ येऊन गेला त्या संध्याकाळी मी आईला म्हटलं, "इतकं तुला चालवलं, तरी ओरखडा आहेच की." ती गवार निवडत होती. म्हणाली, "तो पहिल्याच दिवसाचा. तेव्हा माहीत नव्हतं ना, दोघं बसलो की खाली टेकते म्हणून. एकटे बसले तर नाही टेकायची. मी म्हटलं होतं यांना, मी आपली घरी थांबते, तुम्ही एकटे फिरून या, गाडी घासायची नाही की काही नाही." मी विचारलं, "मग?" "मग काय? म्हणाले, मग जायचं कशाला?" आणि ती परत गवारीच्या शिरा काढायला लागली. मी गॅस बारीक करायचं निमित्त करून ओट्याकडे वळले. बाबा, इतकी वर्षं माझ्या डोक्यात तुमच्यावर जो खटला चालला होता त्यात हा साक्षीदार मी कधी बोलावलाच नव्हता.

लिलाव शेडवरच झाला. पांढरे पडदे, गाद्या घातलेल्या खुर्च्या, गाड्यांवर दिवे. माणसं मुंबईहून, दिल्लीहून आलेली, काही नुसती कॉम्प्युटरच्या पडद्यावर, आणि आपल्या हिंजवडीचेही बरेच, कंपन्या विकून मोकळे झालेले. माझ्याहून लहान, चपला घालून आलेले. आईने घरून डब्यात भडंग आणलं होतं, कारण "लोकांच्या लग्नात जेवावं, लिलावात नाही." पुकारणारा माणूस इंग्रजीत भराभर बोलत होता. तांबडी गेली, टाळ्या झाल्या, तरी आई वाटच बघत होती. शेवटी मला म्हणाली, "हा एक वार, दोन वार कधी म्हणणार?" मी सांगितलं की हे लोक तसं म्हणत नाहीत. "मग कळणार कसं गेली म्हणून?"

पिवळी सगळ्यात शेवटी आली. बोली चढत चढत गेली आणि आम्ही ठरवलेल्या किमतीच्या जरा अलीकडे येऊन थांबली. कोणी पाटी वर करेना. कंपनीचा माणूस वाकून माझ्या कानाशी आला, म्हणाला, एवढ्याला द्यायची की ठेवायची? नुसती मान हलवायची होती. नाही म्हटलं की पिवळी राहणार, आईची राहणार, आणि येत्या रविवारी मी परत इथे. हो म्हटलं की संपलं. सगळे माझ्याकडे बघताहेत आणि माझी मान जागची हलेना. मी आईकडे बघितलं. तिने डब्याचं झाकण लावलं, नीट दाबून लावलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "दे गं. थकलीस तू." सगळ्यांच्या देखत माझे डोळे भरून आले. मी मान हलवली. हातोडा पडला. आई पुटपुटली, "तीन वार." पलीकडे एक तरुण जोडपं उभं राहून एकमेकांना मिठी मारत होतं. ती मुलगी हसत होती, पायांत उंच टाचांच्या चपला. आईने तिच्या पायांकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "हिला सांगायला हवं, सपाट घाल म्हणून."

आम्ही माझ्या साध्या गाडीतून परत निघालो. हायवे सोडून आत वळल्यावर पहिला स्पीडब्रेकर आला, मी वेग कमी केला, आणि आईचा हात दाराच्या कडीवर गेला. गाडी पलीकडे गेली, हात परत मांडीवर. दुसऱ्याला तेच. तिचं तिला कळतही नव्हतं, बाबा. ती बाहेर बघत होती. इतकी वर्षं माझ्या शेजारी बसते आणि मी कधी तिच्या हाताकडे बघितलं नव्हतं. आता राहतो त्या सोसायटीच्या गेटाआधी जो मोठा आहे ना, तिथे मी गाडी थांबवली. म्हटलं, "उतर." "का? ही कुठे घासते?" "नाही घासत. तरी उतर." तिने माझ्याकडे वेड लागल्यासारखं बघितलं. मग दार उघडून उतरली. गुडघे आता बरे नाहीत, तरी निऱ्या उचलून, वॉचमनच्या डोळ्यांदेखत, चालत पलीकडे जाऊन उभी राहिली. मी एकटीने गाडी वरून आणली, जमेल तितकी हळू. ती बसली, पदर सारखा केला. म्हणाली, "यांच्याइतकी हळू नाही आणलीस." घरापर्यंत मग ती रडली आणि मी रडू दिलं.

हे सगळं लिहून काय करणार, पाठवायचं कुठे? टायरच्या मीटरची डबी माझ्याकडेच आहे, तीत घडी घालून ठेवीन. आज रविवार आहे, मी घरी आहे, पाठ टेकून बसले आहे. एकच राहिलं सांगायचं. पिवळी मी कधी घासू दिली नाही असं मी सगळ्यांना सांगत आले ना, त्यात माझं कौशल्य काहीच नव्हतं. पिवळीत माझ्या शेजारच्या सीटवर कधी कोणी बसलेलंच नव्हतं.