हरळी काढण्याआधी

चि. सौ. सिद्धम्मास,

हुबळीहून तुझ्या धाकट्या दिराने, महांतप्पाने, मशागतीचा छोटा ट्रॅक्टर पाठवला, त्यामागोमाग त्याचं पत्र आलं होतं. मी त्याला उत्तर दिलंच नाही. फिरत्या पात्यांत हरळी अडकली तर आधी इंजिन बंद करा, प्लगची तार काढा, मगच हात घाला, आणि हे घरात सगळ्यांना वाचून दाखवा, असं त्यात होतं. मी ते पत्र पुस्तकात खूण म्हणून ठेवलं आणि वाचून दाखवायचं राहिलं. आठच दिवसांनी कल्याणप्पाची दोन बोटं गेली. "अप्पा, माझीच घाई नडली," असं तो म्हणाला, तेव्हा मी "व्हय" म्हणालो.

आज ज्ञानोबा ट्रॅक्टर चालवायला येईल. पत्र या चिठ्ठीखालीच आहे. ते त्याला दोनदा वाचून दाखव. इंजिन सुरू झालं नाही तर प्लग काढून पुसा, उगाच दोरी ओढत बसू नका.

मी सोलापूरला दवाखान्यात कल्याणप्पाला खरं सांगायला निघालो आहे. त्याच्यासमोर माझी जीभ वळेल, याची खात्री नाही. महांतप्पा मात्र गप्प बसणारा नाही. म्हणून त्याला सगळं लिहिलं आणि ते उत्तर सकाळीच टपालात टाकून आलो.

— अप्पा