उतारावर ब्रेकचं प्रात्यक्षिक

ती. ताईस,

तुझ्या एकुलत्या एक (आणि अजून धडधाकट) भावाचा शिरसाष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? रक्तदाबाची गोळी घेतली असशील तरच पुढे वाच.

तुला ठाऊकच आहे, आणीबाणीत ब्रेक कसा लावायचा हे मी अवजड गाड्यांच्या ड्रायव्हरांना अकरा वर्षं शिकवतो आहे. (स्वतःवर तशी वेळ कधी आली होती का, हे कोणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.) सध्या हाताखाली एक मुलगी आहे. सोमवारी तिची परीक्षा. पण घरचे हो म्हणाल्याशिवाय बसणार नाही, असा तिचा हट्ट. इतक्या हुशार मुलीचं घोडं असं अडावं, याचं मला फार वाईट वाटतं.

तर परवा खडीने भरलेला ट्रक घेऊन आम्ही लांब उतारावर निघालो. गाडी ती चालवत होती, शेजारी मी, आणि माझ्या पायाशी शिक्षकाचा जादा ब्रेक. हे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात; सारखा दाबायचा नसतो, टाकीतली हवा संपते, हे तिला पटवून द्यायला मी तो सारखा दाबून दाखवत होतो. हवा संपत आली की गाडीत भोंगा वाजतो. तो वाजला नाही, कारण व्याख्यानात व्यत्यय येतो म्हणून त्यात मीच चिंधी कोंबली होती. हवा संपली, ब्रेक लागेना. मुद्दा मात्र तिला पटला.

यापुढे काय करायचं ते मला तोंडपाठ आहे. प्रत्यक्षात मी डोळे मिटले, जेवणाचा डबा पोटाशी धरला आणि (असं ती सांगते, मला आठवत नाही) "ताई गं, ताई गं" अशा हाका मारल्या. तिने "आधी पाय काढा तिथून!" म्हणून मला दटावलं, एकेक गिअर खाली आणला आणि हॉर्न वाजवत गाडी ब्रेक गेलेल्या गाड्यांसाठी कडेला केलेल्या वाळूच्या चढावर घातली. चाकं निम्मी रुतली आणि आम्ही थांबलो. मग कुठे तिने स्टिअरिंग सोडलं. मला तर रडूच आलं, खोटं कशाला बोलू.

घरात सगळ्यांना नमस्कार.

तुझा धाकटा

ता. क. : ते "घरचे" म्हणजे तू. तुझी लेक आमच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसते असं मी सांगत आलो. ती चार महिने ट्रकवर बसते आहे.

आणखी एक : भाऊजींना पहिल्या दिवसापासून माहीत आहे, तेव्हा ओरडायची सुरुवात घरातूनच कर. मग हवं तर माझा फोन उचलू नकोस. तिचा मात्र उचल.