तिसरं पिकेपर्यंत

जयेंद्रगंज, ग्वाल्हेर
२० फेब्रुवारी २०२५

प्रिय अंतरा,

कराडला सगळं ठीक असेल. तुझ्या आईंच्या डोळ्याचं ऑपरेशनही नीट पार पडलं असेल. इथली थंडी उतरली. आईचे गुडघे दुखतात, तरी छतावर जायचं ती सोडत नाही.

तू विचारलं नाहीस तरी टोमॅटोंचं सांगते. चेरीवाले यंदाही सगळ्यांत आधी, नाताळाच्या सुमारास लाल झाले. निम्मे माकडांनी नेले. नर्सरीतलं संकरित रोप संक्रांतीनंतर पिकलं, सगळं एकदम. त्यातले दोन आईने फ्रिजमध्ये जपून ठेवलेत. तू माहेरून आणलेल्या बियांचं, ते चुण्यांचं मोठं, अजून हिरवंच आहे.

त्यामुळे सार केलेलं नाही. तिन्ही पिकल्याशिवाय मोसमाचं पहिलं सार करायचं नाही, हा नियम तुझाच. तेव्हा आई म्हणाली होती, "सूनबाई, टोमॅटोंचाही मानपान ठेवायचा का?" आता तीच मला पातेल्याला हात लावू देत नाही.

परवा गुरुप्रसाद तंबूवाल्याला छत दाखवत होता. म्हणाला, "ताई, हे गमले हटवावे लागतील."

आई तिथेच होती. "बाकीचे ने. ते हिरवं राहू दे."

"आई, उसमें क्या रखा है अब? उन्हाळा आला."

"उशिरा पिकतं ते. तुला कधी थांबता आलं?"

तो खाली निघून गेला. मूल होण्यासाठी डॉक्टरही तुम्हा दोघांना थांबाच म्हणत होते. तू गेल्यापासून या घरात ती गोष्ट कोणी काढली नव्हती. आईने तंबूवाल्याकडूनच ती कुंडी उचलून आपल्या खोलीच्या खिडकीत ठेवून घेतली.

२७ फेब्रुवारी

पत्र इथेच अडलं होतं. पानभर टोमॅटो लिहिले आणि जे सांगायचं ते राहिलं. तंबू गुरुप्रसादच्या साखरपुड्याचा आहे, नऊ मार्चला. मुलगी इथलीच, दाना ओलीतली. चांगली आहे. तिच्यावर राग धरता आला असता तर मला हे लिहिणं सोपं गेलं असतं. बाहेरच्या कोणाकडून तुला कळू नये, म्हणून लिहिते.

सोमवारी तुझं पिकलं. खिडकीतच. आईने आधी चमच्याने बिया काढून कागदावर पसरल्या, मग सार केलं. गुरुप्रसादने दोन वाट्या घेतल्या. कशाचं आहे ते त्याला कळलं असणार. मग वाटी त्याने स्वतःच घासून ठेवली.

आज बिया वाळल्या. मला वाटलं, आई सगळ्याच तुला परत पाठवायला सांगेल. तिने कागदावर बोटाने दोन वाटे केले.

"अर्ध्या तिला पाठव. अर्ध्या मी दसऱ्याला लावीन. तिनेही तेव्हाच लावाव्यात. आधी कुठे पिकतं, इथे की कराडला, ते तिने मला कळवायचं."

तुझ्या वाट्याच्या बिया सोबत आहेत. लावायच्या नसतील तर तसंही कळव. आईला मी काहीतरी सांगेन. पण कळव.

आता मला 'वन्सं' म्हणणारी दुसरी येईल. तू नुसतं ताई म्हण, ते कोणाच्या नात्यातून आलेलं नसतं.

तुझी ताई,
सीमंतिनी