मांडीवरची दोन बोटं

१२ जाने., सोम.
वडवणीजवळच्या वस्तीवर माझ्या कुत्रीला, मोहरीला, घेऊन पहिला दिवस. ऊसतोडीला निघालेली ट्रॉली उलटून दोन महिने झाले. त्यातून वाचलेल्या बायका घरी परतल्यात, म्हातारी माणसं सोडली तर बाकी वस्ती अजून फडावरच. मला इथं पाठवणाऱ्या संस्थेच्या मॅडम म्हणाल्या, कोणाला बोलायला लावू नका, कुत्री नुसती जवळ बसू द्या. मोहरीला मी तेच शिकवलंय. श्वानपथकात उभी नोकरी कुत्र्यांना स्फोटकं हुंगायला शिकवण्यात गेली. रिटायर झाल्यावर आता दुखावलेल्या माणसाच्या मांडीवर डोकं ठेवायला शिकवतो. खूण जुन्याच पद्धतीची. माझी दोन बोटं, माझ्याच मांडीवर, दोनदा. कोणाच्या लक्षात येत नाही.

१३ जाने.
सुमन. तिशीची असेल. ट्रॉलीत तिच्या शेजारी बसलेली जाऊ त्या अपघातात गेली. एरवी नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे तोडणीची एक जोडी. आता हिचा नवरा आणि दीर, दोघं भाऊ मिळून एक कोयता होऊन फडावर गेलेत. ही ट्रॉलीत पाय ठेवायला तयार नाही. कोणाशी बोलत नाही. ज्वारी निवडते, निवडलेली परत निवडते.
खूण केली. मोहरी गेली, मांडीवर हनुवटी टेकून बसली. सुमनचा हात सुपातच थांबला. म्हणाली, "न बोलावता आली, बया."
खुणेचं सांगितलं नाही. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

१६ जाने.
आज सुमन मोहरीच्या कानाशी बोलत होती. मी दारातच होतो, मला ऐकू जातंय हे तिला माहीत असणार.
"मला वारं लागत हुतं. मीच तिला म्हणले, तू कडंला सरक, मला मधी बसू दे. ती सरकली. घरी कुणाला सांगितलं न्हाई." मग मोहरीचा कान कुरवाळत, "तू आपल्या मनानं आलीस म्हणून तुला सांगते."
तेव्हाच बोलायला हवं होतं. पण बोललो असतो तर ती पुन्हा गप्प झाली असती, आणि मग. ही आपली माझी सबब.

१७ जाने.
बायकोला सांगितलं. "मग सांगून टाका की तिला." सांगतो म्हणालो.

२० जाने., मंगळ.
सांगितलं नाही. उलट आजच घाण केली.
संस्थेला मदत करणारे पाहुणे आले, कॅमेरा घेऊन. सुमन तोंडावर पदर घेऊन भिंतीकडे सरकली. मोहरी उन्हात पसरलेली. मॅडम म्हणाल्या, "काका, एकदा होऊ द्या ना." नाही म्हणता आलं असतं. पण मला मिरवायचं होतं, परेडच्या दिवसांची खोड. बोटं आपटली, चांगली जोरात. मोहरी उठली आणि गेली. सुमन मोहरीकडे बघतच नव्हती. माझ्या हाताकडे बघत होती.
फोटो छान आले म्हणे.
पाहुणे गेल्यावर तिनं विचारलं, "त्या दिशीबी तुमीच धाडली हुती का, मामा?"
"न्हाई," म्हणालो.
साठीचा माणूस. एका शब्दात खोटं बोललो, तेही डोळ्याला डोळा भिडवून. तिनं मांडी आखडून घेतली. मोहरीला कळेना, हनुवटी कुठं टेकावी.

२१ जाने.
गेलो नाही. अंगात ताप आहे असं मॅडमना कळवलं. ताप नाही. मोहरी सकाळपासून पट्टा तोंडात धरून दाराशी. तिच्यासमोरही लाज वाटली.

२३ जाने.
गेलो, मोहरीला घरी ठेवून. उंबऱ्याबाहेर उभा राहूनच सांगितलं, पहिल्या दिवसापासून मीच पाठवत होतो, आणि मंगळवारी खोटं बोललो.
सुमन ज्वारी निवडत राहिली. मग म्हणाली, "मग म्या सांगितलं ते कुणाला?"
तिनं सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला.
"तुमालाच सांगितलं की मग." रागानं म्हणाली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. हात जोडले. तिनं बघितलंही नाही.
निघालो तर मागून आवाज, "उद्या आणा तिला. हात मातुर खिशात ठिवा."

२४ जाने., शनि.
मोहरीला नेलं. बाजेवर बसलो, दोन्ही हात पँटच्या खिशात. मोहरी उंबऱ्याशी बसून माझ्या खिशांकडे बघत राहिली. सुमन सूप घेऊन बसलेली. निवडत नव्हती. तीही वाट बघत होती. ऊन ओट्यावरून खाली उतरलं तरी कोणी हललं नाही. मनात म्हणत होतो, जा गं पोरी, आज तुझं तू जा.
मोहरी उठली. आळस देऊन सुमनकडे गेली, हनुवटी टेकली. सुमनच्या डोळ्यांतून पाणी. या दोन महिन्यांत पहिल्यांदाच, असं आतून बाहेर आलेली तिची सासू म्हणाली.
"आता आली बघा, मामा. आपल्या मनानं."
मी मान हलवली. मग लक्षात आलं, खिशात माझी दोन बोटं मांडीला टेकलेली आहेत. कधी टेकली, खरंच आठवत नाही.